धरलेलं सोडता येतं

डिसेंबरात भल्या सकाळी पऱ्हाटीत शिरलं की माझी उजवी करंगळी ठणकायला लागते. बोंडातून कापूस ओढायला तशी ताकद लागत नाही, पण दहिवराने ओली झालेली बोटं सारखी वाकवावी लागतात, आणि करंगळीच्या मागची ती गाठ जागी होते. मूठ आवळली की लोकांच्या हातावर चार गाठी दिसतात. माझ्या उजव्या हातावर तीनच दिसतात. चौथी आत बसली आहे.

तळहातातलं करंगळीमागचं हाड मोडलं होतं. या मोडीला डॉक्टर बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. नाव बॉक्सरचं असलं तरी ती जास्त करून न शिकलेल्या, रागात मूठ हाणणाऱ्या माणसाला होते. शिकलेला माणूस पहिल्या दोन गाठींवर ठोसा बसवतो, ती हाडं घट्ट असतात. मी शिकलेला होतो. अमरावतीला बीएला असताना दोन वर्षं रोज संध्याकाळी बॉक्सिंग केलं, विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत गेलो होतो. पण त्या दिवशी हातात ग्लोव्ह नव्हता, हाताला पट्टी नव्हती, आणि समोरच्यानं ऐन वेळी डोकं खाली घातलं. माझा ठोसा त्याच्या कपाळावर बसला. माणसाच्या अंगात कपाळाइतकं कठीण हाड फार थोडं असतं.

आमच्या तालुक्याच्या बसस्टँडबाहेर घडलेली ही गोष्ट. मोटरसायकल लावण्यावरून शब्दाला शब्द लागला, त्यानं माझ्या मित्राच्या कानाखाली ठेवून दिली, आणि पुढच्या क्षणी माझा हात सुटलेला होता. हात मोडला हे मला तेव्हा कळलंही नाही. मला दिसत होता तो फक्त समोरचा माणूस. तो सरळ मागे गेला, गुडघे न वाकवता, उभा खांब पडावा तसा. डोक्याचा मागचा भाग डांबरी रस्त्यावर आपटला. तो आवाज मला अजून ओळखता येतो. रसवंतीच्या सिमेंटच्या ओट्याची कड त्याच्या डोक्यापासून वीतभर लांब होती.

अर्धा मिनिट त्याचे डोळे उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं. मी त्याच्याजवळ उकिडवा बसून त्याला हाका मारत होतो. ज्या माणसाला मी नुकतंच मारलं होतं, त्यालाच "ऊठ ना भाऊ, ऊठ ना" म्हणत होतो. तो उठला, ओकला, दवाखान्यात एक रात्र राहिला आणि बरा झाला. एका ठोशात माणूस मेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत पुष्कळदा ठोशानं माणूस मरत नाही, तो बेशुद्ध पडतो आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटतं, त्यानं मरतो. हे मला पुढे कळलं. त्या अर्ध्या मिनिटात मात्र मला कोणी न सांगता कळलं होतं.

आज मी आमच्या गावचा आखाडा चालवतो. वीस-बावीस पोट्टे येतात. संध्याकाळी हनुमानाच्या मंदिराच्या ओट्यावर मोबाईलवर यूएफसीच्या, म्हणजे पिंजऱ्यात धरणं-मारणं दोन्ही चालतं त्या स्पर्धेच्या, लढती बघतात आणि मला हटकून विचारतात, "भाऊ, खरं सांगा, कुस्तीवाला भारी का बॉक्सिंगवाला?" दोन्ही केलेला माणूस गावात मी एकटाच, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. मी त्यांना एका वाक्यात उत्तर देत नाही. माझ्याजवळ ते एका वाक्यात नाहीच.

आधी आखाड्याबद्दल सांगतो.

आमचा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला. सगळी काळी जमीन. उन्हाळ्यात तिला पायाचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच चपलेला गोळे होऊन चिकटते. ही माती कुस्तीच्या कामाची नाही. वाळली की दगड, भिजली की रेंधा. म्हणून आखाड्यासाठी नदीकाठची पोयट्याची माती बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरभरून आणावी लागते. ती चाळायची, तिच्यात ताक, गोडं तेल, हळद, वाळवून चुरलेला कडूनिंबाचा पाला घालायचा, आणि रोज फावड्यानं खालवर करायची. माझे मोठे बाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, आमचे वस्ताद होते. नव्या पोराला पहिला महिनाभर ते हात लावू द्यायचे नाहीत, फक्त माती खोदायला लावायचे. खोदून खोदून पोराची कंबर आणि पाठ तयार व्हायची. आणि आपण कुठं पडणार आहोत ती जागा त्याच्या हाताखालून गेलेली असायची.

मग पडायला शिकायचं. हनुवटी छातीला, अंग गोल, हात टेकवून वजन पेलायला जायचं नाही, मनगट जातं. पडायची भीती मेली की मग धरायला शिकायचं. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, मोळी, धोबीपछाड. पण डावाचं नाव माहीत असणं आणि डाव लागणं यांत काही वर्षांचं अंतर असतं, आणि ते अंतर रोजच्या जोडीनं तुटतं. जोड म्हणजे तुमच्या वजनाचा, तुम्हाला मनापासून पाडू पाहणारा माणूस. तो तुमच्यावर दया करत नाही, तुम्ही त्याच्यावर करत नाही. रोज अर्धा तास हे चालतं आणि दुसऱ्या दिवशी दोघंही धड हातापायानं परत येतात.

धरण्याच्या विद्येचं खरं बळ मला इथं दिसतं. पूर्ण जोर लावून रोज सराव करता येतो. ठोशाचा असा सराव रोज करता येत नाही. रोज पूर्ण ताकदीनं एकमेकांच्या डोक्यात ठोसे घातले तर वर्षभरात मेंदूचं पाणी होईल. म्हणून बॉक्सिंगवाले जोडीत हात आवरून मारतात, आणि पूर्ण ताकद पिशवीवर काढतात. पिशवी उलटून मारत नाही. तरी बॉक्सिंगमध्ये जोड आहे, समोर हलणारा, चुकवणारा, परत मारणारा माणूस आहे, म्हणून बॉक्सर कामाचा. जिथं जोडच नाही, नुसतं हवेत हात फिरवणं आणि कौलं फोडणं आहे, तिथं काय शिकवतात ते मी पुढे सांगणारच आहे.

जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युडो सुरू केला तो याच समजुतीवर. जुजुत्सू या तिथल्या जुन्या झुंजीच्या विद्येतले इजा करणारे प्रकार त्यांनी सरावातून बाजूला काढले आणि उरलेले डाव पोरांना पूर्ण जोरानं एकमेकांवर करू दिले. त्यांच्या शाळेतला एक पठ्ठा, मित्सुयो माएदा, देशोदेशी फिरत १९१४ साली ब्राझीलला पोचला. १९१४ म्हटलं की आम्हा अमरावतीकडच्या माणसांना दुसरंच आठवतं. त्याच साली अंबादासपंत वैद्यांच्या पुढाकारानं अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचा संघ तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एका टोकाला जपानी माणूस ब्राझीलमध्ये आणि दुसऱ्या टोकाला वऱ्हाडातली माणसं आपल्या गावात, एकाच काळात, पोरांना मातीवर नाहीतर चटईवर एकमेकांना धरायला शिकवायला निघाली होती, हे मला आवडतं.

माएदानं ब्राझीलमध्ये ग्रेसी घराण्यातल्या पोराला शिकवलं आणि त्यातून ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे खाली घेऊन, धरून हार मानायला लावायची विद्या, उभी राहिली. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली. आठ माणसं, आठ वेगवेगळ्या तालमींतून आलेली, नियम जवळजवळ नाहीत. पहिल्याच लढतीत हॉलंडच्या जेरार्ड गोर्डोची लाथ सुमोवाल्या माणसाच्या तोंडावर बसली, दात उडाला, आणि लढत अर्ध्या मिनिटाच्या आत संपली. ते बघून कोणालाही वाटावं, मारणाराच जिंकणार. पण रॉयस ग्रेसी नावाचा ऐंशी किलोच्या आसपासचा सडसडीत माणूस त्याच रात्री तिघांना धरून, खाली घेऊन, हार मानायला लावून जिंकला. शेवटच्या लढतीत त्याच्यापुढे गोर्डोच होता. त्या तिघांत एक बॉक्सर होता, एकाच हातात ग्लोव्ह घालून आलेला. त्याला खाली घेतलं, वर बसला, आणि बॉक्सरनं हार मानली. खाली पडलेल्या बॉक्सरला काय करायचं ते कोणी शिकवलेलंच नव्हतं.

पोट्ट्यांना ही गोष्ट इथंच थांबवलेली आवडते, कारण ते कुस्तीवाले. मी थांबत नाही. चार वर्षांनी, जुलै १९९७ मध्ये, मॉरिस स्मिथ हा किकबॉक्सर मार्क कोलमन या मोठ्या कुस्तीगिराशी लढला. कोलमननं त्याला खाली घेतलंच. पण स्मिथ खालून कसं सावरायचं आणि परत कसं उठायचं ते शिकून आला होता. कोलमन दमला, स्मिथ उभा राहिला, आणि उरलेल्या वेळात त्यानं लाथा-ठोशांनी लढत जिंकली. तेव्हापासून दोन्ही बाजूंना दोन्ही शिकावं लागतं. जो फक्त एक शिकतो त्याला दुसऱ्याच्या घरात नेऊन मारतात.

त्याच्याही आधी, २६ जून १९७६ ला, टोकियोत मुहम्मद अली आणि जपानी पैलवान अँटोनियो इनोकी समोरासमोर आले होते. पंधरा फेऱ्या. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, आणि अलीनं सगळ्या लढतीत बोटांवर मोजता येतील इतकेच ठोसे मारले. बरोबरी झाली. लोकांनी पैसे परत मागितले म्हणे. मला ती लढत कंटाळवाणी वाटत नाही. जगातला सर्वांत मोठा बॉक्सर समोर आहे, आणि त्याला मारायला जागाच सापडत नाही, कारण समोरचा उभाच राहत नाही. अलीच्या पायांचं इतकं नुकसान झालं की त्याला दवाखान्यात राहावं लागलं.

आता आमच्या कुस्तीचं एक वैगुण्य. आखाड्यातल्या जाणत्यांना हे आवडत नाही, पण पोरांना सांगितलंच पाहिजे.

कुस्तीत पाठ लागली की हार. म्हणून पैलवानाच्या अंगात एक सवय मुरते. संकट आलं की तो पोटावर पडतो, छाती मातीला चिकटवतो, मान आत घेतो. आखाड्यात ती जागा सुरक्षित आहे. १९१० साली लंडनमध्ये आपल्या गामा पैलवानासमोर पोलंडचा पैलवान झिबिस्को असाच खाली पडून राहिला, अडीच तासांवर कुस्ती चालली आणि गामासारख्या गामाला त्याची पाठ लावता आली नाही. पुढे १९२८ साली पतियाळ्यात गामानं त्याला मिनिटभरातच चीत केलं, ती गोष्ट वेगळी. पण लंडनच्या त्या कुस्तीत गामाला झिबिस्कोच्या मानेमागे कोपर मारायची मुभा असती तर? रस्त्यावर ती मुभा असते. पोटावर पडलेल्या माणसाचं डोकं, मानगूट, बरगड्या सगळं उघडं असतं, आणि कोण काय मारतंय ते त्याला दिसत नाही. उलट जिउ-जित्सूवाला पाठीवर पडला तरी तोंड शत्रूकडे ठेवतो, पाय मध्ये ठेवतो. आमच्यासाठी जी हार, ती त्यांच्यासाठी लढायची एक जागा. पोटावर पडायची ही सवय माझ्याही अंगात होती. ती मोडायला मला चाळिशीत वर्षभर लागलं. एका तरुण ज्युडोवाल्याकडे अमरावतीला दर रविवारी जायचो, आणि तो मला पाठीवर पाडून सांगायचा, "आता उलटू नका, काका. माझ्याकडे बघा."

पण मला खरं सांगायचंय ते या सगळ्याच्या अलीकडचं आहे. पिंजऱ्यात कोण जिंकेल, हा आमच्या गावचा प्रश्न नाही.

आमच्याकडे भांडण होतं धुऱ्यावर. शेताच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. पेरणीच्या आधी वखरणी चालू असते, कोणाचा तरी वखर दोन तास, म्हणजे दोन ओळी, इकडे सरकतो, आणि वीस वर्षांचं जुनं काहीतरी वर येतं. भांडणारा परका नसतो. आमच्या धुऱ्याला लागून ज्याचं शेत आहे तो आमच्याच भाऊबंदांतला, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. त्या वर्षी तो दुपारीच पिऊन आला होता. हातात उभारी होती, बंडीच्या कडेला उभी लावतात ती लाकडी काठी. बाभळीची, मनगटाएवढी जाड, टोकाला सोलून गुळगुळीत केलेली. त्यानं ती डोक्यावर उचलली, आणि समोर मोठे बाबा होते. वय साठच्या पुढे.

मी पन्नास पावलांवर होतो. धावत सुटलो, पण पोचणार नव्हतो. मोठे बाबा मागे सरले नाहीत. माझ्यासारख्यानं सरावानं एक पाऊल मागं घेतलं असतं, ठोसा चुकवायला घेतात तसं, आणि उभारीचं टोक नेमकं डोक्यात बसलं असतं. काठीचा जोर टोकाला असतो, मुठीपाशी नसतो. ते आत शिरले. उचललेल्या हाताच्या काखेखाली डोकं घातलं, एका हातानं त्याचा काठीचा दंड आपल्या खांद्याशी आवळला, दुसरा हात कमरेला, आणि स्वतः बाजूला बसत त्याला नांगरटीत निजवलं. आपटलं म्हणता येत नाही. पोत्याला जपून खाली ठेवतात तसं निजवलं. मग त्याच्या छातीवर आडवी छाती टाकून पडले.

मी पोचलो तेव्हा उभारी बाजूला पडली होती. मी ती उचलून लांब फेकली आणि दादाच्या तोंडावर मूठ उगारली. मोठे बाबांनी खालूनच माझ्याकडे बघितलं. "हात टाकू नको. पाणी आन."

दादा दहा मिनिटं शिव्या देत होता. मोठे बाबा एक शब्द बोलले नाहीत. दादानं हिसडा दिला की ते तेवढंच वजन सरकवायचे, तो सैल पडला की तेही सैल व्हायचे. उन्हात दोघांच्या अंगाला काळी ढेकळं चिकटलेली. मग शिव्या थांबल्या. मग तो रडायला लागला. कर्जाचं बोलला, बायको माहेरी गेल्याचं बोलला, त्या दोन तासांबद्दल काहीच बोलला नाही. मी तांब्या घेऊन उभा होतो. मोठे बाबा उठले, त्याला बसवलं, पाणी पाजलं.

घरी येताना मी रागानं म्हटलं, तुमचं डोकं फुटलं असतं. ते म्हणाले, "फुटलं असतं. डाव लागला म्हनून वाचलो, नाई लागला असता त मेलो असतो. हे तू पोट्ट्याईले शिकवजो नको." थोडं चालल्यावर पुढं म्हणाले, "पन मारलं असतं त काय झालं असतं? उद्या त्याच्याच धुऱ्यावरून बंडी न्यावं लागते आपल्याले. मारलेलं वापस घेता येत नाई. धरलेलं सोडता येते."

तेव्हा मला बसस्टँडवरचा तो अर्धा मिनिट आठवला. माझा ठोसा सुटल्यावर माझ्या हातात काही उरलं नव्हतं. तो माणूस कसा पडेल, कुठं पडेल, उठेल की नाही, यातलं काहीही मी ठरवू शकत नव्हतो. मोठे बाबांच्या हातात शेवटपर्यंत सगळं होतं. किती दाबायचं, कधी सैल सोडायचं, कधी उठवायचं.

कायदाही हा फरक ओळखतो. स्वतःच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, पूर्वी तो दंड संहितेच्या ९६ ते १०६ मध्ये होता. त्यात अट अशी की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि हाड किंवा दात मोडला की ती साधी दुखापत राहत नाही, गंभीर दुखापत होते. गावात लोक म्हणतात, दात पडला की कलम बदलते. धुऱ्याच्या भांडणात एक दात पडलेला आणि दोन्ही घरं वर्षानुवर्षं तालुक्याच्या कोर्टात तारखा करणारी, अशी उदाहरणं आमच्या पंचक्रोशीत मी बघितली आहेत. एका तारखेला एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, वकिलाचे पैसे. जितका धुरा भांडणात होता त्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे त्या दातावर गेले.

मात्र यावरून कुस्तीच खरी आणि ठोसा खोटा, असं मी पोरांना सांगत नाही. तसं सांगणं धोक्याचं आहे. समोर तिघं असले तर एकाला धरणं म्हणजे उरलेल्या दोघांना आपली पाठ देणं. तुमचे दोन्ही हात गुंतलेले, डोकं खाली, आणि कोणीतरी बाजूनं लाथ मारणार. कोणाच्या खिशात चाकू असला तर मिठीत शिरल्यावर तो दिसतही नाही. जमीन आखाड्याची नसते, गिट्टीची असते, सिमेंटची असते. अशा वेळी बॉक्सिंगनं दिलेली एक गोष्ट लाखाची आहे, ती म्हणजे पाय. अंतर राखणं, कोपऱ्यात न सापडणं, एक हात तोंडापाशी ठेवून वाट मोकळी करणं आणि त्या वाटेनं निघून जाणं. दोन वर्षांच्या बॉक्सिंगमधून माझ्याजवळ ठोशापेक्षा तेच जास्त टिकलं. आणि मार खाऊन डोळे न मिटणं. ज्यानं आयुष्यात कधी तोंडावर ठोसा खाल्ला नाही तो पहिल्या ठोशाला गोठतो, मग तो कितीही मोठा पैलवान असो. त्या गोठलेल्या क्षणात सगळं होऊन जातं.

ग्लोव्हचंही पोरांना सांगतो. १८६७ साली क्वीन्सबेरीच्या नावानं बॉक्सिंगचे नियम आले, त्यांत ग्लोव्ह आले. लोकांना वाटतं ग्लोव्ह समोरच्याचं तोंड वाचवायला असतात. ते आधी मारणाऱ्याची मूठ वाचवतात. मूठ वाचली म्हणून डोक्यावर बिनधास्त मारता येऊ लागलं. उघड्या हातानं मारायची वेळ आलीच तर तळहाताच्या टाचेनं, म्हणजे मनगटालगतच्या भागानं, मार, मुठीनं नको, हे मी करंगळी पुढं करून सांगतो.

माझी पुतणी नववीत होती तेव्हा तिच्या शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर झालं. आठ दिवस. रांगेत उभ्या करून ओरडत हवेत ठोसे, शेवटच्या दिवशी पाहुण्यांसमोर कौलं फोडणं, प्रमाणपत्र. पोरगी खुशीत घरी आली. मला म्हणाली, "काका, माझा हात धरून बघा." मी धरला. जरा जोरानं धरला, खरा माणूस धरेल तसा. तिनं शिकवलेलं केलं, पण मी हललो नाही. मग तिचा चेहरा उतरला. ओरडायलाही विसरली. शिबिरात तिचा हात धरणारी तिची मैत्रीण होती, आणि पहिल्या झटक्याला हात सोडायचा असं ठरलेलं होतं. आठ दिवसांत तिला एकदाही कोणी खरोखर धरलं नव्हतं. मला त्या दिवशी संताप आला. पोरीला काहीच न शिकवण्यापेक्षा हे वाईट होतं, कारण आता तिला येतं असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला आखाड्यात आणलं. गावात कुजबुज झाली, ती होऊन जिरली. मनगटाची पकड कुठं कच्ची असते ते तिला दाखवलं. माणूस चार बोटांनी आणि अंगठ्यानं धरतो. चार बोटांकडून फट नसते, अंगठा आणि बोटं जिथं भेटतात तिथं असते. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीत आणायची, कोपर त्याच्याकडे पुढं न्यायचं आणि हात आपल्या खांद्याकडे ओढायचा. नुसत्या हातानं नाही, पाऊल टाकून, सगळ्या अंगानं. हे सांगायला एक मिनिट लागतं. खरं धरणाऱ्यापुढे जमायला तिला तीन महिने लागले, रोज तिच्या भावाच्या हातात मनगट देऊन. मग खाली पडल्यावर वर बसलेल्या माणसाला कंबरेनं उचलून बाजूला कसं लोटायचं, ते. मग उठायचं कसं आणि पळायचं कसं. मारायला मी तिला दोनच गोष्टी शिकवल्या, तळहाताची टाच आणि गुडघा. मुलींच्या बाबतीत धरून ठेवण्याचा प्रश्न नाही, सुटण्याचा आहे. आणि सुटायचं असेल तर धरलं जाणं म्हणजे काय हे अंगाला आधी माहीत असावं लागतं. तिच्यामागं आता सहा मुली येतात.

मोठे बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. मी सकाळी आधी माती खोदून घेतो, मग कुस्ती, आणि शेवटची पंधरा मिनिटं ग्लोव्ह घालून हात चालवतो. मोठे बाबांना ते ग्लोव्ह कधी आवडले नाहीत. पण मी बॉक्सिंग सोडावं असंही ते कधी म्हणाले नाहीत.

यंदा नागपंचमीच्या आठ दिवस आधी आखाड्याची माती नवी करायला काढली. पाऊस थांबून थांबून पडत होता. पोट्टे शेतात, मी एकटाच फावडं घेऊन होतो. दादा आला. आता त्याचंही वय झालं, दारू सुटून पुष्कळ वर्षं झाली. त्याच्या हातात दुधाची पाच लिटरची कॅन होती, ताकानं भरलेली. काही न बोलता चप्पल कडेला काढली, आत उतरला, कॅन वाकवून ताक मातीवर फिरवून फिरवून ओतलं. मग दुसरं फावडं घेतलं आणि त्या टोकाकडून खालवर करायला लागला. आम्ही मध्यापर्यंत आलो तेव्हा त्यानं कपाळ पुसून विचारलं, "माह्या नातवाले किती वर्षाचा झाल्यावर आनू?"